काळी एक, उणे दहा

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी कुणी तबला लावायला बसलं, तर सुराच्या आधी कूलरचा निकाल लावावा लागतो. चालू ठेवायचा की बंद? चालू ठेवला तर वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा चामड्यात शिरते आणि काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला तबला पंधरा-वीस मिनिटांत उतरायला, म्हणजे सुरात खाली यायला, लागतो. बंद केला तर तोच तबला चढत जातो, गजऱ्याजवळचं (कडेच्या वेणीजवळचं) चामडं कुरकुरतं आणि वाजवणाऱ्याच्या घामानं डग्गा (डाव्या हाताचं वाद्य) ओला होतो तो वेगळाच. जुनी मंडळी मधला मार्ग काढतात. कूलरचा झोत पाठीवर घ्यायचा, तबला भिंतीच्या आडोशाला ठेवायचा, आणि नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू झाला की रियाज सरळ पहाटे पाचवर आणायचा.

ही झटापट मुंबईच्या वादकाच्या वाट्याला येत नाही. तिथली हवा बाराही महिने ओली, त्यामुळे त्याचा तबला सहसा उतरण्याकडेच कललेला. नागपूरकराला दोन्ही टोकं ठाऊक असतात. मेमध्ये बाहेरची आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते आणि जुलैत तीच नव्वदीला टेकते. म्हणूनच माझं एक ठाम मत आहे, मुंबई-पुण्याच्या मित्रांना ते पटत नाही तरी. फेब्रुवारीत टोरांटो किंवा शिकागोला तबला घेऊन जायचं असेल, तर त्याची तालीम नागपूरच्या मे महिन्यात आपसूक होऊन जाते.

एक उणे दहाचं शहर आणि एक पंचेचाळीसचं, यांची तुलना वेडगळ वाटेल, पण चामड्याला थर्मामीटर कळत नाही. त्याला कळतो तो हवेचा कोरडेपणा. उणे दहा अंशांची हवा पाण्यानं पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प धरते. तीच हवा घरात घेऊन भट्टीनं बावीस अंशांपर्यंत तापवली, तर तिची बाष्प धरण्याची ताकद एकोणीस ग्रॅमच्या वर जाते. आत असलेलं पाणी मात्र तेवढंच, सव्वादोन. म्हणजे आर्द्रता उरली बारा टक्के. बाहेर बर्फ पडतंय, सगळीकडे ओलं दिसतंय, आणि आत दिवाणखान्यात मात्र आपल्या सीताबर्डीच्या दुपारपेक्षाही कोरडी हवा. पहिल्यांदा जाणारे इथेच फसतात. थंडीत तबला उतरेल या हिशेबानं ते पट्टीपेक्षा थोडा वर लावून ठेवतात, आणि सकाळी उठून पाहतात तर पुडी (तोंडावर ताणलेलं चामडं) गजऱ्याच्या कडेनं फाटलेली.

प्रवासात पहिला कोरडा मुक्काम विमानाचाच. आतली हवा बहुतेक वेळ वीस टक्क्यांच्या खाली असते आणि मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे पंधरा-सोळा तास तबला त्याच हवेत बसून असतो. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री तो उतरवायचा. किती, यावर दोन साथीदारांचं कधी एकमत झाल्याचं ऐकिवात नाही. सर्वसाधारण रीत अशी की वादीखाली (चामड्याच्या पट्ट्यांखाली) अडकवलेले आठही लाकडी गट्टे हातोडीनं सारख्या मापानं वर सारायचे, वादीचा ताण एक-दीड स्वरानं कमी होईल इतपत, आणि मग गजऱ्याला खालून हलके ठोके देत वादीच्या पट्ट्यांमधली सोळाही घरं एकदा फिरून यायचं. यापेक्षा जास्त ढिला केला तर पुडी तोंडावर तिरकी सरकते आणि पोचल्यावर सगळी घरं एका सुरात आणायला अर्धा दिवस जातो. अजिबात न उतरवता नेणारेही असतात. त्यांचं नशीब कधी कधी चांगलं असतं.

मग बांधाबांध. शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळावर, आधी धुतलेलं सुती कापड, त्यावर गादी (कापडी झाकण), आणि तिची दोरी सैल. प्लॅस्टिकची पिशवी घालू नये, आत ओल अडकली तर बाहेर पडत नाही. गिटारवाल्यांच्या दुकानात आर्द्रता राखणारी छोटी पाकिटं मिळतात. हवा कोरडी असली की ती ओल सोडतात आणि ओली असली की शोषून घेतात. एकोणपन्नास टक्क्यांचं एक पाकीट तबल्याच्या पेटीत ठेवलं की काम भागतं, फक्त ते शाईला टेकता कामा नये. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि पिठाची खळ. थर चढवून ती दगडानं घोटतात, आणि तिला मुद्दाम पाडलेल्या बारीक भेगांमुळेच तबला तसा बोलतो. तिला पाणी लागलं की खळ फुगते, वाळताना एखादा कण सुटतो, आणि मग प्रत्येक ‘ना’ या बोलामागे झर (खरखर) येते. त्या झरीवर परदेशात इलाज नाही.

कोणता नग कुठे ठेवायचा, यात फार डोकं लावावं लागत नाही. तबला आपल्यासोबत, डग्गा सामानात. तबल्याचं खोड तीन-साडेतीन किलोचं, उंची दहा-अकरा इंच, म्हणजे सात किलोच्या हातसामानात तो बसतो. डग्गा तांब्याचा असो की पितळेचा, आपटला तर पोचा पडतो, पण वाजायचा थांबत नाही. त्याला कडक खोक्यात घालून भोवती धोतर-कुर्ते कोंबले की झालं. हातोडी मात्र सामानातच टाकायची. हातसामानात ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि परक्या गावात शनिवारी दुपारी तबल्याची हातोडी शोधणं म्हणजे काय ते ज्यानं शोधली त्यालाच विचारा. पावडरचंही तेच. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत साडेतीनशे मिलिलिटरहून मोठा पावडरचा डबा हातात असला की वेगळी तपासणी होते, त्यामुळे छोटा डबा बरा.

एक खास नागपूरची मेख इथे सांगायलाच हवी. आपलं विमान बहुतेक वेळा मुंबई किंवा दिल्लीवरून जातं. अमेरिकेच्या तिकिटावर साधारण तेवीस-तेवीस किलोचे दोन नग नेता येतात, पण नागपूर-मुंबई हा तुकडा वेगळ्या तिकिटावर काढला तर तिथे बहुधा पंधराच किलो. पेटीवाल्याची हार्मोनियमच खोक्यासह सतरा-अठरा किलोंवर जाते. सोनेगावच्या (नागपूर विमानतळाच्या) खिडकीवर मग जादा वजनाचे पैसे भरा, नाही तर कपडे काढून भावाच्या हाती घरी पाठवा. आयोजक परदेशातला असतो, तो तिकीट मुंबईपासूनचं काढतो आणि आपण पुढचं आपलं बघून घेतो. चूक होते ती इथे. एकाच तिकिटावर नागपूरपासून घ्यायला लावलं तर सामानाला थेट शेवटच्या गावाचं लेबल लागतं आणि वजनाचा नियमही सहसा आंतरराष्ट्रीयच लागतो.

कागदपत्रांचं पुराण लांबवत नाही. अमेरिकेत मानधन घेऊन वाजवायचं तर पर्यटनाचा व्हिसा चालत नाही. आपल्यासारख्या पारंपरिक कलांसाठी पी-३ नावाचा वर्ग आहे, त्याचा अर्ज तिथल्या आयोजकानं आधी करायचा असतो, आणि मंजुरी आली की आपण मुलाखतीला मुंबईला. लाकडाची भीती मात्र आता बरीच ओसरली आहे. २ जानेवारी २०१७ पासून शिसम-शिसवीचा सगळा डालबर्जिया वंश साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आला आणि शिसमचा तबला नेणाऱ्यांचीही झोप उडाली. जिनिव्हाच्या बैठकीतल्या निर्णयानं २६ नोव्हेंबर २०१९ पासून या परिशिष्टातल्या लाकडाच्या तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती), जुन्या तंबोऱ्यावरची पांढरी नक्षी, असलं काही असेल तर ते वाद्य घरीच राहू द्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना फॉर्मवर चामडं आणि लाकूड दोन्ही लिहून मोकळं व्हावं. ते लोक बघतात, वास घेतात, खोडाला भोकं आहेत का तपासतात आणि परत देतात. लिहिलं नाही आणि सापडलं तर न्यूझीलंडमध्ये तिथल्या तिथे चारशे डॉलर दंड. गोपालकाल्यासारखं सगळं एका पिशवीत भरून, वर यजमानांसाठी चार संत्री घालून निघणारे नागपूरकर तर हमखास अडकतात. संत्री नेऊ नका. दुधाची बर्फीही नको.

आता मुक्काम. मंडळांच्या कार्यक्रमांत कलाकार बहुधा कुणाच्या तरी घरी उतरतात. प्रेम ओसंडून वाहत असतं आणि खोली तळघरातली असते. हिवाळ्यात या घरांत तापवलेली हवा जमिनीतल्या किंवा भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून येते. थकून आलेला माणूस दिव्याचं बटण शोधत बॅग टेकवतो ती नेमकी त्या जाळीवर किंवा तिच्या पुढ्यात. रात्रभर दर काही मिनिटांनी भट्टी सुरू होते, कोरड्या हवेचा झोत थेट खोडावर. खोड एका अंगानं आकसतं, दुसऱ्या अंगानं नाही, आणि तोंडाच्या कडेपासून खाली केसासारखा तडा जातो. चामडं बदलता येतं, तडा गेलेलं खोड पूर्वीसारखं परत बोलत नाही. त्यामुळे खोलीत पाय ठेवला की आधी जाळी कुठे आहे ते बघायचं आणि तबला समोरच्या भिंतीशी, जमिनीपासून दोन फूट वर, खुर्चीवर ठेवायचा. उन्हाळ्यात याच तळघरात उलटं होतं. तिथे ओल साचते, चादरीला वास येतो आणि डग्गा फसफसतो. दोनशे-तीनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ सोबत असावं. चाळीस ते पंचावन्न टक्के असली तर झोपा.

आणि बारा दाखवलं तर? नागपूरचं शिक्षण इथे कामी येतं. आपल्याकडे चढलेला तबला कूलरच्या खोलीत नेऊन बसवतात, तसा तिथे तो न्हाणीघरात नेतात. गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडून बंद करायचा, वाफ थोडी बसू द्यायची, मग तबला आत ठेवून दार लावायचं, वीस मिनिटं. शॉवर चालू असताना नेला तर शाईवर थेंब जमतात. डग्गा फार ताठ झाला असेल तर ओलसर रुमाल मैदानावरून (शाईभोवतीच्या मोकळ्या चामड्यावरून), शाई सोडून, एकदा फिरवतात. एकदाच. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह होतो, आणि मग तो घुमाऱ्याऐवजी भिजल्या पुठ्ठ्यासारखा बोलतो.

बाहेरून आत येताना वेगळी खबरदारी. उणे दहात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेला तांब्याचा डग्गा उबदार सभागृहात उघडला की फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखा घामेजतो. ते पाणी पुडीच्या खालच्या बाजूलाही जमतं, तिथे पुसायला हात पोचत नाही. पेटी उघडायची नाही, दोन तास तशीच राहू द्यायची. वाद्यं डिकीत न ठेवता मागच्या सीटवर ठेवायची, माणसांनी पाय आवरून बसायचं.

खरी परीक्षा मात्र सभागृहात, दुपारी तीन ते रात्री नऊच्या मध्ये. तीनला आवाजाची चाचणी होते तेव्हा सभागृह रिकामं, थंड, आणि वरच्या नळीतून वातानुकूलनाचा झोत मंचाच्या नेमक्या मधोमध. तिथे तबला पक्का लागतो. सहाला सहाशे माणसं आत येतात, ओल्या कोटांसह, श्वासांसह, मध्यंतरातल्या चहाच्या वाफेसह, आणि आर्द्रता बघता बघता वाढते. त्याच वेळी मंचावरचे दिवे लागतात. जुने हॅलोजन असतील तर ते तबला चढवतात, नवे एलईडी असतील तर फारसा फरक पाडत नाहीत. म्हणजे एक बाजू खाली ओढते, दुसरी वर. कुठली जिंकेल हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, म्हणून ख्याल विलंबित असतानाच डाव्या हातानं ठेका सांभाळून उजव्यानं हातोडीचे चार हलके ठोके द्यायची कला साथीदाराला यावीच लागते. फरक बारीक असेल तर गजऱ्यावर, समोरासमोरच्या दोन घरांना. पाव स्वराहून जास्त असेल तर गट्ट्यांना हात घालावा लागतो, आणि त्यासाठी गायकानं तानपुऱ्यावर दोन मिनिटं थांबायला हवं. समजूतदार गायक थांबतात. १ ऑगस्ट १९७१ ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि मंडळी वाद्यं नुसती लावत होती तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे तो किस्सा हसण्यावारी नेतात. हसू येण्याआधी त्या दिव्यांखाली तारा किती वेळा सरकल्या असतील, तेही मनात आणून बघावं.

तबले किती न्यायचे, हा प्रश्न पट्ट्यांवरून सुटतो. सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा काळी एकचा एक हवाच. तो नुसता काळी एकचा नसतो. काळी तीनच्या गायिकेला तो पंचमाला चालतो, काळी चारच्या गायिकेला मध्यमाला. सहा-सव्वासहा इंची मोठा तबला प्रवासात फुटला तरी याच्यावर कार्यक्रम निभतो, काळी चारला भूपासारखा मध्यम नसलेला राग निघाला तर मात्र पंचाईत. सुटी पुडी घेऊन जाण्यात मला अर्थ वाटत नाही. पुडी चढवणं म्हणजे वादी ओवून ताणण्याचं तीन-चार तासांचं दोन माणसांचं काम, आणि नंतर ती दोन-तीन दिवस बसतच राहते, दर तासाला उतरते. त्यापेक्षा दुसरा तयार तबला नेला तर पाच मिनिटांत काम.

ध्वनीवाल्याशी सुरुवातीलाच बोलून घ्यावं. तो भला माणूस असतो, पण त्याच्या डोक्यात ढोल म्हणजे ड्रम. तो माइकला गेट लावतो, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की यंत्र माइक बंद करतं. ड्रमला ते ठीक. तबल्याच्या ‘तीं’ची लांबत जाणारी आस मात्र मधेच कात्रीनं कापल्यासारखी तुटते. ‘गेट काढा’ एवढं म्हटलं की पुरतं. तानपुऱ्याला तो हमखास गुणगुण समजतो आणि दोष शोधत वायरी हलवत बसतो. मिरजेचा खरा तंबोरा भोपळ्यासकट एवढ्या लांब नेण्याचं धाडस आता थोडेच करतात, फोनवरचा तानपुरा वाजतो. त्याला मंचावरच्या छोट्या स्पीकरमध्ये गायकाच्या कानाजवळ ठेवायला सांगितलं की ध्वनीवाल्याचाही जीव भांड्यात पडतो.

वेळेचं गणित तर आणखी मजेचं. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात भरतं, तिथे सत्रं सकाळपासून असतात. भारतात संध्याकाळच्याच मैफलींमुळे सारंग आणि मुलतानी ऐकायला मिळत नाहीत, तिकडे शनिवारी दुपारी तीनच्या कार्यक्रमात ते हक्कानं येतात. जूनच्या शेवटी लंडनला सूर्य मावळतो सव्वानऊनंतर, डिसेंबरात चारच्या आधीच. मग मारवा कधी गायचा? काहीजण घड्याळ पाहतात, काही खिडकी. मी खिडकीच्या बाजूचा. पण तिसरं एक घड्याळ शरीरात चालू असतं, त्याचं कुणी विचारत नाही. शिकागोला उन्हाळ्यात संध्याकाळी सातला यमन सुरू होतो तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. बोटं अजून भैरवच्या वेळेत असतात. त्यामुळे पहिला कार्यक्रम पोचल्यावर निदान तिसऱ्या दिवशी असावा, आणि पहिले दोन दिवस दुपारी झोपायचं नाही, यजमानांनी कितीही आग्रह केला तरी. बोटांना भेगा पडतात त्याही पहिल्या आठवड्यातच. क्रीम रात्री झोपताना लावायचं, सकाळी नाही, कारण तेलकट बोट शाईला लागलं की तिथे धूळ बसते आणि कार्यक्रमभर ‘तीं’ दबते.

परतीच्या प्रवासात लोक बेफिकीर होतात. कार्यक्रम संपले, आता काय. पण उन्हाळ्याचा दौरा संपवून जुलैत सोनेगावला उतरलं की दारातच मान्सून उभा असतो. कोरड्या विमानातून थेट नव्वद टक्क्यांत. पेटी घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी उघडावी. तबला उतरलेला निघतो, कधी दोन स्वरांनी, आणि लगेच ठोकून वर आणायची घाई होते. तसं करू नये, ओल्या चामड्यावर चढवलेला ताण ऑक्टोबरच्या उन्हात फुटून निघतो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तबला ठेवतात, वरच्या कप्प्यात जुना साठ वॉटचा पिवळा दिवा, दार बोटभर उघडं. चार-पाच दिवसांत तो आपणहून थोडा वर येतो. तोवर रियाज घरच्या जुन्या जोडीवर.